दाराजवळची पिशवी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला "चार शब्द बोला" असा निरोप आला. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास माझ्यापेक्षा जुन्या सभासदांनी सांगितलाच आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. मी आज एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. अचानक घर सोडावं लागलं तर पाच मिनिटांत उचलून निघता येईल अशी पिशवी. ती प्रत्येक घरात असावी आणि तिच्यासाठी फार खर्च लागत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, वडगाव रासाईत असं काय होणार आहे? आपलं गाव भीमेच्या काठी आहे. वर चासकमान आहे, भामा-आसखेड आहे. तुळापूरला इंद्रायणी मिळते आणि पुण्याच्या धरणांचं पाणी घेऊन मुळा-मुठाही आपल्याच भागात भीमेला येऊन मिळते. वरच्या सगळ्या धरणांची दारं उघडली की ते पाणी कोणाच्या उंबऱ्यावरून जाणार, हे मी सांगायला नको. पूर बाजूला ठेवा. सिलिंडरने पेट घेतला किंवा मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं, तरी अंगावरच्या कपड्यांनिशी खाली पळावं लागतं.

माझ्या वयाच्या मंडळींना 12 जुलै 1961 आठवत असेल. पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतली माणसं नेसत्या वस्त्रांनिशी निघाली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं कोसळली. 30 जुलै 2014 ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. किल्लारी आणि माळीणला पिशवी उचलायलासुद्धा सवड मिळाली नाही, हे खरं आहे. पण पुराचं तसं नसतं. पुरात बहुतेक वेळा काही तास हातात असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी दिवसादिवसाने चढत गेलं. तरी कितीतरी माणसं घरातच थांबली. कोणी जनावरांसाठी, कोणी "मागच्या वेळी इथवर आलं नव्हतं" म्हणून, तर कोणी कागदपत्रांची आवराआवर करत. 25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा तर लोक झोपेतच होते.

माणूस हट्टाने थांबतो असं मला वाटत नाही. तो शोधत असतो. बीपीच्या गोळ्या कुठे आहेत, ठेवपावती कुठे आहे, चार्जर कुठे आहे. शोधण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात गुडघाभर पाणी होतं. कोणी बाहेर पडतो आणि राहिलेलं आणायला परत आत जातो. हे परत जाणं सगळ्यांत वाईट. पिशवी तयार असली की शोधायचं काही उरत नाही, परत जायचं कारण उरत नाही, आणि पाय लवकर निघतो. ती सामान वाचवण्यासाठी आहे असं समजू नका.

पिशवी कोणती? नवी घेऊ नका. प्रत्येक घरात मुलांची जुनी शाळेची सॅक माळ्यावर पडलेली असते. चेन चालू असावी, पट्टे मजबूत असावेत, बस्स. हातात धरायची नको, पाठीवरचीच हवी, कारण एका हातात नातवाचा हात असतो आणि दुसऱ्या हातात जिन्याचा कठडा. वजनाचं माप वारकऱ्याकडून घ्या. तुकोबांची पालखी दरवर्षी पलीकडे दौंड तालुक्यात यवत, वरवंडला मुक्कामाला असते. त्या वारकऱ्याच्या पडशीत काय असतं बघा. खांद्याला पेलेल तेवढंच तो घेतो. सॅक भरून झाली की घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाच्या पाठीवर द्या आणि कोपऱ्यापर्यंत चालून यायला सांगा. धाप लागली तर काहीतरी काढा.

आता आत काय ठेवायचं. पाणी एक लिटर. जास्त नको, एक लिटर म्हणजे एक किलो वजन. बरोबर क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसच्या चार पुड्या. खाणं असं की ज्याला चूल लागत नाही: फुटाणे, गूळ, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, आणि सातूचं पीठ, जे पाण्यात गुळाबरोबर कालवलं की पोट भरतं. बिस्किटं चालतील, पण दोन महिन्यांनी ती मऊ पडतात. बॅटरी घ्या आणि तिचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, नाहीतर गळतात. आपल्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे, रात्री अंधारात चालायची वेळ आली तर बॅटरी आणि हातात काठी पाहिजेच. एक शिट्टी. माणसाचा घसा बसतो, शिट्टीचा आवाज लांब जातो. एक जाड प्लॅस्टिकचा कागद. आमच्या लहानपणी पोत्याची खोळ होती, तेच काम. एक जुनी सुती साडी. ती पांघरूण होते, झोळी होते, आडोसा होते आणि वेळ पडली तर दोरही होते. घरात लेकी-सुना असतील तर पॅड, तान्हं मूल असेल तर लंगोट. ज्येष्ठांचा जुना चष्मा टाकून देऊ नका, तो पिशवीत ठेवा.

औषधं सात दिवसांची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. दर महिन्याला नवीन औषधं आणली की पिशवीतली वापरायला काढा आणि नवी आत ठेवा. इन्शुलिन मात्र फ्रीजमध्येच राहणार. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: "इन्शुलिन, मोबाइल, चष्मा, कवळी, गॅस बंद, मेन स्विच बंद." घाईत माणसाला काही सुचत नाही, कागद बरोबर आठवण करून देतो.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्यात माझी नोकरी गेली. 2005 च्या पुरानंतर मी सांगली भागातल्या एका शाखेत होतो. पाणी ओसरल्यावर एक आजी आल्या. पदरात ओल्या नोटांचा गोळा आणि लगदा झालेली ठेवपावती. "साहेब, सगळं गेलं हो," म्हणाल्या. त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं, आजी, पावती भिजली, पैसे भिजले नाहीत, ते आमच्या खातेवहीत आहेत. नोटा सुकवून बदलून दिल्या, दुसरी पावती करून दिली. आजी त्या पावतीसाठी चढत्या पाण्यात घरात परत गेल्या होत्या. पावती परत मिळते हे त्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्या गेल्या नसत्या. म्हणून तुम्हाला सांगतो. पासबुक, ठेवपावती, आधार, पॅन, सातबारा, इंडेक्स टू, आपल्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, या सगळ्यांची दुसरी प्रत मिळते. वेळ लागतो, हेलपाटे होतात, पण मिळते. सही-शिक्क्याचा डिजिटल सातबारा तर 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. पिशवीत फक्त झेरॉक्स ठेवा, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत. आधार, लायसन डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवा. आणि सगळ्या खात्यांना वारस नोंद आहे का, ते याच आठवड्यात बघा.

रोख रक्कम दोन हजार, तीही शंभर, पन्नास आणि दहाच्या नोटांत. लाइट आणि रेंज गेली की फोनवरचं पेमेंट चालत नाही, आणि पाचशेचे सुट्टे त्या दिवशी कोणी देत नाही. एका कागदावर दहा फोन नंबर लिहा. आज आपल्याला मुलाचा नंबरही पाठ नसतो. त्याच कागदावर 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 लिहा.

खर्च सांगतो. बॅटरी आणि सेल 200, शिट्टी 20, प्लॅस्टिक पिशव्या 100, ओआरएस 100, मलमपट्टी 150, झेरॉक्स 50, कोरडं खाणं 150. झाले 770. थोडं इकडेतिकडे होईल. पॉवर बँक हवी तर सात-आठशे वेगळे. एकदम जमत नसेल तर रिकरिंग खात्यासारखं करा, दर महिन्याला दोनशे रुपयांची एक-दोन वस्तू. चार महिन्यांत पिशवी भरते.

पिशवी माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नका. दाराजवळच्या खुंटीला अडकवा. वर्षातून दोनदा उघडा: मृग लागायच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. त्या दिवशी जुनी चिक्की मुलांना खाऊ द्या, म्हणजे ती स्वतःच आठवण करतील.

शेवटचं. आपल्यातल्या कितीतरी घरांत आता फक्त म्हातारा-म्हातारी आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, परदेशात. त्यांची पिशवी भरलेली असेल, पण उचलणार कोण? म्हणून समितीला माझी विनंती आहे. एक वही करा. कोणाच्या घरी चालता न येणारं माणूस आहे, कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू कमी येतं, ते लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे शेजारच्या एका तरुणाचं नाव लिहा, की भोंगा वाजला तर तू आधी या दारावर थाप मारायची. याला एक रुपयाही खर्च नाही. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, दुःखाला गेलो. आता कोणी कोणाचं दार वाजवायचं तेवढं ठरवून टाकू. मृगाच्या आत वही तयार व्हावी, आणि पहिलं नाव माझं लिहा, कारण माझे गुडघे आता जिना उतरायला वेळ घेतात.