पाथरवटाचें घर

बारामतीस गेलेला सुशिक्षित प्रवासी कऱ्हेच्या कांठचा बाबूजी नाईकांचा वाडा पाहतो, मोरोपंतांचें स्मरण करतो. इंदापुरास गेला तर मालोजीराजांच्या गढीकडे वळतो. परंतु ज्या पाथरवटानें असल्या वास्तूंसाठीं खाणींतून दगड काढला, त्याचें स्वतःचें घर पाहण्यास सहसा कोणी जात नाहीं.

दोन खण, एक ठेंगणें दार, वर मातीचें धाबें आणि धाब्यांत उजेडासाठीं ठेवलेलें सवणें, एवढाच त्या घराचा पसारा. भिंत मात्र दीड-दोन हात जाड. बाहेरून दगडाचा एक थर, आंतून दुसरा, मध्यें चिपा व माती यांची भर. दोन्ही थर एकमेकांपासून सुटूं नयेत म्हणून ठिकठिकाणीं आरपार बसविलेला लांब दगड. चांगले घडीव चिरे विकले जावयाचे; घराच्या वाट्यास उरे तो ओबडधोबड धोंडा. तरीहि घराचे कोपरे निरखून पाहावे. टांकीचे सारखे घाव तेथें दिसले, तर घरधन्याचा धंदा विचारावा लागत नाहीं.

हा मुलूख अवर्षणाचा, म्हणून अशा घरास पावसाचें भय बेताचेंच. भय आलें तें खालून. १८७६ च्या दुष्काळाच्या सुमारास हातीं घेतलेला नीरेचा डावा कालवा पुढें वाहूं लागला, ऊंस आला आणि या भागाचें रूप पालटलें. तें वैभव कोणी नाकारीत नाहीं. परंतु जेथें पाणी मुरलें आणि निचरा झाला नाहीं, तेथें जमिनी चोपण झाल्या. तोच ओलावा क्षार घेऊन भिंतींच्या पायांत चढला. भिंतीवर जी पांढरी भुकटी फुटते, तिला लोक लोणा म्हणतात.

अशा वेळीं घरधनी सिमेंट आणतो, सांधे बुजवितो, वर गिलावा करतो. चार महिने भिंत नवी दिसते. पण काळा पाषाण पाणी फारसें शोषीत नाहीं. भिंतींतील ओल बाहेर पडते ती सांध्यांतील माती-चुन्यांतून. नेमकी तीच वाट बंद झाली, कीं ओल आणखी वर चढते किंवा आंतल्या बाजूस फुटते. मग गिलाव्याचे पोपडे पडतात आणि दोष बिचाऱ्या दगडाच्या माथीं! इंदापूर तालुक्यांतील पळसनाथाचें देऊळ १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यांत गेलें. पाणी फार उतरलेल्या उन्हाळ्यांत तें पुन्हा उघडें पडतें. इतकीं वर्षें पाण्यांत राहून जो दगड टिकतो, तो घरांतील ओलीनें कसा खचेल?

तेव्हां पहिलें काम भिंतीवर नव्हे, तर पायथ्याशीं. चर खणून पाणी दूर न्यावें. मग सांध्यांतील सिमेंट छिन्नीनें, हलक्या हातानें काढावें व एक उन्हाळाभर भिंत नुसती वाळूं द्यावी. पुष्कळांची घाई येथेंच नडते. त्यानंतर सांधे भिजवून चुन्यानें भरावे आणि ओलें गोणपाट लावून ते सावकाश सुकूं द्यावे. धाब्यावर वरचेवर मातीचा नवा थर देण्याची चाल असल्यानें पिढ्यान् पिढ्यांचें ओझें तुळयांवर सांचतें. तें उतरून, कुजलेली किलच बदलून, पांढरी माती बेतानें पुन्हा चोपावी.

अडचण हातांची आहे. पूर्वी चुनखडी भाजून, वाळूसह बैलाच्या घाणींत मळून, कधीं गुळाचें व हिरड्याचें पाणी घालून चुना सिद्ध होई. आतां घाणी गेली. सुतकी धरणारा हात खडीच्या यंत्रावर लागला, आणि खडीला कोपरा साधावा लागत नाहीं. १९६० चा महाराष्ट्राचा कायदा घोषित स्मारकांस संरक्षण देतो. दोन खणी घराची घोषणा कोण करणार?

म्हणून निकाल घरच्या ओट्यावरच लागतो. म्हातारीला भिंत मोडवत नाहीं, मुलास स्लॅब हवा असतो. मुलाचें म्हणणें हंसण्यावारी नेऊं नये. त्या ठेंगण्या दारानें कपाळास किती टेंगळें आणलीं, हें त्याला ठाऊक! त्यानें खिडकी मोठी करावी, वीज घ्यावी, मागें न्हाणीघर बांधावें. दार उंच करणेंहि शक्य आहे; मात्र चौकटीवरील लांब दगड हलविण्यापूर्वीं वरच्या भिंतीस दोन्ही बाजूंनीं भक्कम टेकू द्यावे, आणि हें काम ज्यानें दगड हाताळला आहे अशाच गवंड्याकडून करून घ्यावें.