सेवेला माणूस का उभा राहतो?

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



तुटपुंज्या मोबदल्यावर एखादी बाई दुसऱ्याच्या आजारपणासाठी उन्हातान्हात दारोदार का फिरते? या एकाच प्रश्नाचा विचार आज आपल्यासमोर मांडणार आहे.

उत्तरासाठी फार दूर जायला नको. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरून आलेल्या परिचारिका खेड्यात रमेनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकल्या. गावी परतून बालकांची वजने घेऊ लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे ते सांगू लागल्या, बाळंतपणे सुखरूप करू लागल्या. ज्यांना पूर्वी उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्यांनाच लोक रात्री-अपरात्री घरात बोलावू लागले. आपण उपयोगाचे आहोत, ही जाणीव माणसाला कामाला लावते.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली. लस टोचून घ्या, हे सरकारी पत्रकही सांगते. पण ‘लसीने ताप आला तर?’ ही आईची भीती शेजारीणच ऐकून घेते. तिच्याही बाळाला ताप येऊन गेलेला असतो.

आमची एक विद्यार्थिनी सुट्टीत आशाताईंबरोबर फिरते. कारण विचारले, तर म्हणाली, “सर, माझ्या भावाला गोवर झाला, तेव्हा त्याला लस दिलेलीच नव्हती. आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.” पुढे तिचे वडील माझ्याकडे आले. मुलीने दारोदार फिरणे त्यांना बरे दिसेना. मी एवढेच म्हटले, “चाचा, तेव्हा तुमच्या दारी अशी एखादी मुलगी आली असती तर?” ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मुलीबरोबर तिची आईही निघाली.

मात्र एक गैरसमज नको. सेवाभाव आहे म्हणून मोबदला कमी चालेल, असे मुळीच नाही. २००५ मध्ये आशा योजना सुरू झाली. तरी महाराष्ट्रातील आशाताईंना २०२३ व २०२४ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला. मानाने उमेद येते, पण चूल मानावर पेटत नाही.

पालकहो, आज घरी गेल्यावर बाळाचे लसीकरण कार्ड काढून पाहा. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. आपले झाले असेल, तर शेजारच्या घरी विचारा. विद्यार्थी मित्रांनो, ज्या आजीला कार्ड वाचता येत नाही, तिला ते वाचून दाखवा. सेवेची सुरुवात एवढ्यानेच होते.