अंगाचा भार आणि हृदयाचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरकीचा आव मी आणणार नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला जे कळायलाच हवे, तेवढे सांगते.

बाई अंगाने भरली की तिला सुखवस्तू म्हणतात. पण त्या सुखाचा भार हृदयाला वाहावा लागतो. अंग वाढले की रक्त जास्त खेळवावे लागते, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होते. पोटावरची चरबी सर्वांत घातक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत सुमारे 23 जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. शिवणाची टेप घरात असतेच. ती पोटाभोवती धरून पाहा. 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ओलांडले तर सावध व्हावे.

त्यासाठी काडीसारखे बारीक व्हायला नको. 80 किलोच्या बाईने चार ते आठ किलो उतरवले, तरी रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी सुधारते. मात्र अमेरिकेत 5,000 हून अधिक मधुमेही स्त्रीपुरुषांवर आहार-व्यायामाचा प्रयोग झाला. 2012 साली तो थांबवला, तेव्हा वजन उतरूनही हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून वजन उतरले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि मशेरी तर सुटलीच पाहिजे.

आपल्या वेसाव्यात ताजी मासळी मिळते. ती तळण्यापेक्षा कालवणात घालावी. सुके बोंबील भिजवून खारटपणा काढावा. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या उपवासाने वजन उतरत नाही. ओहोटीला वाळू घट्ट असते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. दोघी-तिघी मिळून निघालो तर खंड पडत नाही.

शेवटी महत्त्वाचे. बाईला झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच असे नाही. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते, घाम सुटतो. आणि आपण "पित्त झाले असेल" म्हणून भाकऱ्या थापत राहतो. भगिनींनो, तसे करू नका. तवा उतरवा, 108 ला फोन लावा आणि इस्पितळ गाठा. घरातल्या सर्वांची पथ्ये आपण सांभाळतो; त्यांत आपले एक पथ्य वाढले म्हणून स्वयंपाकघर काही अडत नाही.