आखरावरची तपासणी

गडचिरोली-चंद्रपूरच्या लांबलांबच्या दवाखान्यांतून आरमोरीला आलेल्या पशुवैद्यक मित्रांनो,

अध्यक्षाने थोडक्यात आटोपावं हे बरं. त्यातून ही झाडीपट्टी; रात्रीच्या नाटकाची तिकिटं पुष्कळांच्या खिशात असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की जनावराची पहिली तपासणी आपण करत नाही, गावची गुरं राखणारा ढोरकी करतो. आपण पोचतो तोवर जनावर खुंट्याला बांधलेलं असतं, चार माणसांनी धरलेलं असतं. मग मोजलेला श्वास त्याच्या दुखण्याचा की भीतीचा, हे कसं ठरवणार? निवांत उभी गाय मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेते. तो आकडा लांबूनच, कुशीच्या हालचालीवरून मोजावा, थर्मामीटर नंतर. तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असलं म्हणजे ठीक. पण उन्हातून चालत आलेल्या जनावराला आधी सावलीत उभं करा, नाहीतर आपणच ताप शोधून काढू.

सकाळी गावची गुरं जमतात त्या आखरावर अर्धा तास उभं राहून पाहा. निरोगी गाय उठली की पाठ ताणून आळोखा देते, माशी बसली की शेपूट हलवते. तिची नाकपुडी ओलसर असते. आजारी गाय कळपाच्या कडेला थांबते, अंगावरचे केस उभे, रवंथ बंद. मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवा. दोन मिनिटांत पोटाची दोन-तीन आंदोलनं हाताला लागली नाहीत, तर पुढचे प्रश्न विचारायला लागा.

आपल्याकडे धानाच्या बांध्या आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, म्हणजे गोगलगायी आल्या आणि त्यांच्यासोबत यकृतातले चापट कृमी आले. पावसाळा सरला की बैल खंगतो, शेण पातळ होतं. पापणी उलटून पाहिली तर आतली गुलाबी झाक गेलेली असते. जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज येते. बोट दाबलं तर खळगा राहतो. शेळ्या-मेंढ्यांत ही सूज दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी वाढते आणि रात्रीतून ओसरते. आपला दवाखाना सकाळचा! संध्याकाळी कळप परत आणणाऱ्याला विचारलं नाही, तर ती आपल्याला दिसायचीच नाही.

लम्पीची राज्यातली पहिली नोंद आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्यात, २०२० मध्ये झाली. उर्वरित महाराष्ट्र हादरला तो २०२२ मध्ये. तिच्या कातडीवरच्या गाठी ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती, खात्री करायला लागत होती. उलट जनावर धडधाकट असताना अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं, तर काळपुळीचा संशय धरायचा आणि सुरी पेटीतच ठेवायची. तिथे शव उघडणं हा गुन्हा समजावा, मालक कितीही आग्रह करो.

आता शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलांच्या शर्यतींबद्दल, थोडं कडवट बोलतो. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आणि आपल्याकडे बैलांच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यांसाठी रांगा लागल्या. उभ्या बैलाकडे पाहून सही करणं सोपं असतं. त्याला चालवा, वळवा, खुराच्या बेचक्यात पाहा, खांद्यावर जुवाची जखम शोधा, डोळ्यांतलं पाणी पाहा. पटाचा शौकीन जोडी विकत घेताना हे सगळं पाहतो. त्याच्यापेक्षा आपली नजर उणी पडावी, हे मला पटत नाही.

याच २०२३ मध्ये आपल्या कठाणी गोवंशाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. लहान चणीचा, चिखलणीत न थकणारा हा बैल. संकरित गाईंची छायाचित्रं पाहून शरीरस्थितीचे गुण द्यायला शिकलेला नवा डॉक्टर त्याला कुपोषित ठरवण्याची भीती आहे. ह्या जातीचा निरोगी बैल कसा दिसतो, कुठे हाड दिसलं तर चालतं आणि कुठे दिसता कामा नये, याची सचित्र पुस्तिका आपल्याच लोकांनी करायला हवी.

म्हणून दोन ठराव या सभेपुढे ठेवतो. केसपेपरवर ‘जनावर राखणाऱ्याने काय पाहिलं, केव्हापासून’ असा रकाना सर्वांत वर असावा. आणि दर पावसाळ्यानंतर प्रत्येक दवाखान्याने आपल्या हद्दीतल्या ढोरक्यांची एक बैठक घ्यावी. त्या दिवसाची त्यांची मजुरी देऊन. अनुमोदनासाठी मी थांबतो.