व्यसनमुक्ती : अट की ध्येय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१९४७ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद संस्थानातील मुक्तिलढा पेटला, तेव्हा मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली. त्यामागे केवळ नीतीचा आग्रह नव्हता. आबकारी हे निजामी खजिन्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि घाव त्या साधनावर घालावयाचा होता. दारूकडे एकट्यादुकट्याचा दुर्गुण म्हणून न पाहता सत्तेच्या अर्थकारणाचा भाग म्हणून पाहण्याची ही दृष्टी मोलाची होती. मात्र झाड तोडले तरी शिंदीची सवय जडलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न मागे उरतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला तो आज टाळता येणार नाही.

व्यसनग्रस्तांच्या सेवेत दोन विचारप्रवाह आहेत. पहिला पूर्ण परित्यागाचा. व्यसन हा आजार आहे, त्यात ‘थोडीशी’ असे काही नसते आणि पहिला घोट टाळणे हाच खरा उपाय, ही त्याची धारणा. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ आणि पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली उभे राहिलेले मुक्तांगण ही त्याची परिचित रूपे होत. दुसरा प्रवाह हानी-न्यूनीकरणाचा. जो आज सोडू शकत नाही, त्याचे प्राण, आरोग्य आणि संसार तरी आज वाचवा, असे तो सांगतो. एड्सच्या साथीत त्याला बळ मिळाले. सुईने मादक द्रव्य टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देण्याचे धोरण राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २००७-०८ च्या सुमारास स्वीकारले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही, कलम ७१ मध्ये, नोंदणी झालेल्या व्यसनग्रस्तांना शासनाने औषध म्हणून असे पदार्थ पुरविण्याला वाव ठेवला आहे. म्हणजे हा विचार आपल्या कायद्याला परका नाही.

या दोन प्रवाहांतील वाद पुष्कळदा दोन पंथांच्या वादासारखा चालतो. तो सोडवावयाचा तर ग्रंथांपेक्षा शेजारच्या घटनांकडे पाहणे बरे. नांदेड जिल्ह्याचे धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. पलीकडे निजामाबाद, मेदक, महबूबनगर या जिल्ह्यांत शिंदीमध्ये क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम यांसारखी रसायने मिसळण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणा सरकारने भेसळीविरुद्ध धडक मोहीम काढली. कारवाई योग्य होती. परंतु रसायन एकाएकी बंद झाल्यामुळे शेकडो मजूर, स्त्रिया आणि वृद्ध आकडी, कंप आणि भ्रमाने रुग्णालयांत दाखल झाले. पुरवठा तोडण्याची तयारी होती, उपचाराची नव्हती. दारूच्या बाबतीतही हेच खरे आहे. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय एका दिवसात दारू बंद केली, तर आकडी आणि उन्माद येऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्याला शपथ घालून घरी पाठविणे ही सेवा नव्हे.

परित्यागाच्या मार्गाला आणखी एक अडचण आहे, आणि ती अर्थशास्त्रीय आहे. निवासी उपचार म्हणजे कित्येक आठवड्यांची बुडालेली मजुरी. कंधार, मुखेड, लोहा किंवा जळकोट, अहमदपूर भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यातला एक जण उपचारासाठी महिनाभर फडावर नसेल, तर उचल फिटत नाही. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारे हे कुटुंब कोणत्या केंद्राच्या वेळापत्रकात बसणार? ज्याच्याकडे पगारी रजा आहे, त्याच्यासाठी आखलेला उपचार ज्याच्याकडे रोजंदारी आहे त्याच्या माथी मारला, की अपयशाचे खापर मात्र त्याच्या ‘इच्छाशक्ती’वर फोडले जाते.

मग परित्यागाचा आग्रह टाकून द्यावा काय? तसे म्हणणाऱ्याने आधी खेड्यातील स्त्रियांचे ऐकावे. ‘कमी प्या’ हा उपदेश त्यांनी फार ऐकला आहे. कमी पिऊन आलेला नवराही मारतो आणि रेशनचे पैसे कमी पिण्यातही जातात. शिवाय हानी-न्यूनीकरणाची भाषा मद्यविक्रेत्याच्या तोंडी फार सहज बसते. ‘जबाबदारीने प्या’ ही पाटी दुकान चालू ठेवण्यासाठीच लावलेली असते. म्हणून कोणाची हानी मोजावयाची, हे प्रथम ठरले पाहिजे. केवळ पिणाऱ्याच्या यकृताची मोजली तर हिशेब अपुरा राहील. घरातील मारहाण, बुडालेली हजेरी, मुलांची सुटलेली शाळा आणि सावकाराचे कर्ज हे रकानेही त्यात हवेत.

सरकारचा स्वतःचा हिशेब काय सांगतो, तेही पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारने एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, त्यांतील ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज. आणि मद्यावलंबी झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. दुसरीकडे, जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षिले. निजामाचा खजिना गेला, आबकारीची ओढ गेली नाही. ३८ पैकी ३७ जणांपर्यंत कोणताच मार्ग पोहोचत नसताना कोणता मार्ग श्रेष्ठ यावर भांडणे, हे रिकाम्या धान्यकोठारात मापावरून वाद घालण्यासारखे आहे.

एका प्रयोगाकडे मात्र लक्ष दिले पाहिजे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. पद्धत धाक घालण्याची नव्हती, संवादातून माणसाची स्वतःची प्रेरणा जागविण्याची होती. तीन महिन्यांनी, मागील पंधरवड्यात दारूला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण समुपदेशन झालेल्या गटात ४२ टक्के, तर नेहमीच्या सेवेच्या गटात १८ टक्के आढळले. ज्यांचे पिणे चालूच राहिले, त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. शिवाय ही माणसे पूर्णपणे मद्यावलंबी झालेली नव्हती. तशांना औषधोपचार लागतोच. तरीही बोध स्पष्ट आहे : परित्याग हे ध्येय असू शकते, त्याला प्रवेशाची अट करण्याचे कारण नाही.

नांदेड-लातूरसाठी यातून निघणारा कार्यक्रम साधा आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मनोविकार विभागाने तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण सेवा द्यावी. दारू सोडतानाचा त्रास आवरणारी औषधे आणि थायमिन तेथे मोफत मिळावे. आशा कार्यकर्तींना समुपदेशनाचे शिक्षण द्यावे, पण त्याचे स्वतंत्र मानधनही द्यावे. ऊसतोडीवरून मजूर परतल्यावरचे महिने या कामासाठी राखावेत आणि हंगामात फडावर पाठपुरावा व्हावा. पुन्हा पिऊन आलेल्याला दारातून परत पाठवू नये. कोंडणे, साखळीने बांधणे असले प्रकार जेथे चालतात, तेथे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये तक्रार करावी. व्यसनग्रस्तही त्या कायद्याच्या संरक्षणाखाली येतो.

गावातील दुकान बंद करण्याची स्त्रियांची मागणी याच कार्यक्रमाचा भाग आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली तर दुकान बंद होते. येथे निम्मे हे झालेल्या मतदानाचे नव्हे, एकूण यादीचे. ऊसतोडीच्या हंगामात मतदान ठेवले, तर फडावर असलेली प्रत्येक स्त्री नकळत दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करतानाच मतदानाच्या तारखेचा आग्रह धरावा. आणि ज्या दिवशी बाटली आडवी होईल, त्या दिवशी गावात औषधे घेऊन डॉक्टर हजर असावा. दुकान बंद झाल्याची पहिली झळ पिणाऱ्याच्या शरीराला बसते आणि दुसरी त्याच्या बायकोला.