नकाशावरचे नाव कोणी लिहायचे?



नकाशा हा भाषेचा विषय आहे, असे म्हटले तर काहींना नवल वाटेल. पण गावाचे नाव हा भाषेतला सगळ्यात जुना शब्द असतो, आणि आज तो कोशापेक्षा मोबाइलच्या पडद्यावर अधिक वाचला जातो. तो तिथे कोण लिहितो, कोण पुसतो, याचा विचार आपण करायला हवा.

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. नाव नोंदवले की कोणीही त्यात रस्ता, विहीर, देऊळ, वाडा भरू शकतो. बदल लगेच दिसतो, आणि कोणी केव्हा काय बदलले याचा इतिहास कायम राहतो. कागदोपत्री तिथे लहानमोठा कोणी नाही. व्यवहारात मात्र ज्येष्ठता येतेच. ज्याने वर्षानुवर्षे काम केले, ज्याला नियम मुखोद्गत आहेत, ज्याच्याकडे शेकडो बदल एका झटक्यात मागे घेण्याची साधने आहेत आणि जो इंग्रजीत सफाईने वाद घालू शकतो, त्याचा शब्द चालतो. नवख्या स्थानिक स्वयंसेवकाकडे असते फक्त गावाची माहिती.

हा झगडा मी जवळून पाहिला आहे. नकाशाचे नाव घेत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातल्या चार वाड्यांची नावे एका ऑनलाइन नकाशावर भरली. दोन दिवसांत ती गेली. शेरा होता, 'पुरावा नाही.' गाव कधीही न पाहिलेल्या माणसाने तो लिहिला होता. "सर, माझी आजी त्या वाड्यात राहते, आणखी कसला पुरावा?" असे तिने मला विचारले. प्रश्न रास्त होता. पण समोरच्याचीही बाजू ऐकली पाहिजे.

२०१५ मध्ये गूगलच्या 'मॅप मेकर' या लोकसहभागाच्या उपक्रमात पाकिस्तानातील रावळपिंडीजवळ कोणीतरी एक अश्लाघ्य चित्र काढले आणि ते जगभर दिसले. उपक्रम काही काळ थांबवावा लागला, २०१७ मध्ये तो कायमचा बंद झाला. दार सताड उघडे ठेवले की चोरही येतो. शिवाय दुसऱ्याच्या नकाशावरून नावे उतरवणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरतो. म्हणून ज्येष्ठ संपादक पुरावा मागतो. मागणी चुकीची नाही. पुरावा कशाला म्हणायचे, हा खरा प्रश्न आहे.

ओपनस्ट्रीटमॅपचा एक दंडक आहे: जागेवर जे दिसते ते लिहावे. ऐकायला तो निःपक्षपाती वाटतो. पण जागेवर दिसते ते फलकावर, आणि गोव्यातले फलक पुष्कळदा पोर्तुगीज वळणाच्या रोमी लेखनात असतात. शेवटचा 'एम' तिथे केवळ अनुनासिक दाखवतो. ते न जाणणारे यंत्र केपेचे 'क्वेपेम' आणि साखळीचे 'सँक्वेलिम' करते. उसगावचे तिस्क 'टिस्क' होते, कारण रोमीत 'त' आणि 'ट' यांना एकच अक्षर. लोकांच्या तोंडी असलेले नाव फलकावर नसले, तर या दंडकाच्या लेखी ते जवळजवळ नसतेच.

आपणही 'स्थानिक' म्हणजे एकमुखी असे समजू नये. मराठीत आपण डिचोली म्हणतो, कोकणीत दिवचल म्हणतात. दोन्ही बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. तीच गोष्ट बेळगावची. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले, पण मराठी घरात बेळगावच बोलले जाते. अशा वेळी रात्री एकाने बदलायचे आणि सकाळी दुसऱ्याने, असे चालते. त्यातून कोणाचीच भाषा वाढत नाही.

वास्तविक ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका ठिकाणासाठी अनेक रकाने आहेत: मुख्य नाव, मराठी नाव, कोकणी नाव, कन्नड नाव, जुने नाव, स्थानिक नाव, पर्यायी नाव. भांडण होते ते एका मुख्य रकान्यासाठी, आणि बाकीचे रकाने बहुतेक गावांपुढे रिकामे पडलेले असतात. माझ्या मते आपले काम तिथे आहे. मराठी रकाना भरायला कोणाचे नाव पुसावे लागत नाही.

तो भरताना मात्र अभ्यासकाची शिस्त हवी. आमच्या विद्यार्थिनीने पुढे तेच केले. देवळाच्या फलकाचा, वाचनालयाच्या पाटीचा आणि बसथांब्याचा फोटो काढला. ज्या वाड्याची पाटीच नव्हती, तिथल्या तीन वृद्धांकडून नाव विचारून तारखेसह टिपून ठेवले, आणि हे सारे बदलाच्या टिपणीत लिहिले. तीन नावे राहिली. चौथ्यावर चर्चा अजून चालू आहे. तो वाडा पाटीवर कधीच नव्हता, आणि ते नाव सांगणारी माणसे आता थोडी आहेत.

त्या चौथ्या नावासाठी मी आज बोलतो आहे. शिक्षकांनी एकेका गावाची अशी वही करावी, लेखकांनी तिची भाषा तपासावी, अकादमीने ती छापावी. छापील आणि तारीखवार नोंद समोर ठेवली, की दूरच्या संपादकालाही 'पुरावा नाही' म्हणणे अवघड जाईल. आजी आहे तोवर तिला विचारून घ्या, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.