एका हाताने उचलेल एवढी पेटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे मिसळणाचा डबा नाही असं स्वयंपाकघर शोधून सापडायचं नाही. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग यांच्या वाट्या ठरलेल्या जागी असतात आणि न पाहताही हात बरोबर हळदीकडे जातो. फोडणी जळायच्या आत पाच जिन्नस हाताशी यायला हवेत, या गरजेतून ही रचना झाली. शिवणाचा डबा किंवा आजीबाईचा बटवा यांचंही तसंच.

घरातल्या हत्यारांची चौकशी करा बरं! पक्कड फ्रिजवर, स्क्रूड्रायव्हर टीव्हीखालच्या खणात, हातोडी माळ्यावर आणि टेस्टर शेजाऱ्यांनी नेलेला, तो अजून तिकडेच. मग कपाटाची बिजागरी ढिली झाली की भाजीची सुरी पुढे येते, खिळा ठोकायला खलबत्त्यातला बत्ता येतो आणि नळाची चक्री फिरवायला सांडशी. सुरीचं टोक मोडतं, स्क्रूची खाच झिजते आणि कधी कधी तळहातालाच जखम होते. दोन मिनिटांचं काम अर्धा दिवस लांबतं आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं आपण ठरवून टाकतो. बहुतेक वेळा न जमण्यासारखं त्यात काही नसतं. योग्य हत्यार योग्य वेळी हाताशी नव्हतं, एवढंच घडलेलं असतं.

म्हणून आज घरच्या छोट्या हत्यारपेटीविषयी बोलायचं आहे. छोट्या हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दुकानात शंभर नगांचे चकचकीत संच मिळतात. ते घरी येतात, जड म्हणून पलंगाखाली जातात आणि तिथेच राहतात. पेटी घरातल्या कोणालाही एका हाताने उचलता आली पाहिजे, आजीलाही आणि सातवीतल्या नातीलाही. माझ्या मते भरलेल्या पेटीचं वजन चार किलोंच्या वर जाऊ नये. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, पण तेवढ्याच जागेत भरीव पोलाद जवळजवळ आठ किलो भरतं. त्यामुळे पेटी मोठी घेतली की ती भरत जाते आणि भरली की जागची हलत नाही.

फिरत्या कारागिरांना हे फार पूर्वी उमगलं होतं. न्हाव्याची धोकटी आठवा. वस्तरा, कात्री, कंगवा, नराणी, तुरटी, वाटी आणि आरसा एवढ्यावर तो गावभर हिंडायचा. गवंड्याच्या थैलीत थापी, ओळंबा, गुण्या आणि दोरी. रोज खांद्यावरून न्यायची असल्यामुळे नको ती वस्तू त्यांच्या पिशवीत टिकतच नसे. आपल्यालाही तोच हिशोब ठेवायचा आहे.

आता निवड कशी करावी? आपण आधी पेटी आणतो आणि मग तिच्यात काय भरायचं ते पाहतो. हा क्रम उलटा करावा. आधी कामं, मग हत्यारं आणि शेवटी पेटी. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर महिनाभर नोंद ठेवा. घरात काय ढिलं झालं, काय गळलं, काय अडकलं आणि तेव्हा कोणती वस्तू शोधावी लागली. महिन्याच्या शेवटी दिसेल की कामं फार थोड्या प्रकारांची आहेत: स्क्रू आवळणं, नळाचा जोड घट्ट करणं, खिळा ठोकणं, वायर किंवा पट्टी कापणं, माप घेणं.

या कामांना लागणारी हत्यारं दहा-बारा भरतात. पहिली आठ इंची पक्कड. नाशिकच्या टपारियासारख्या कारखान्याची साधी पक्कड नीट वापरली तर पुढच्या पिढीलाही पुरते. दुसरं, स्क्रूड्रायव्हर. एक चपट्या तोंडाचा आणि दोन फुलीचे. या फुलीच्या खाचेचं पेटंट १९३६ साली अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी घेतलं. तिच्यातही आकार असतात आणि घरातल्या बहुतेक स्क्रूंना दोन नंबरचं टोक बसतं. खेळणी, रिमोट अशा बारीक कामाला एक नंबर लागतो. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवायला गेलं की ते घसरतं आणि खाच गोल होते. मग तो स्क्रू काढायला मिस्त्रीच बोलवावा लागतो. म्हणून विकत घेताना दांड्यावरचा नंबर पाहावा.

पान्यांचा अख्खा संच नको. दहा-अकरा आणि बारा-तेरा असे दोन दुतोंडी पाने आणि जबडा कमी-जास्त होणारा एक स्क्रू पाना पुरे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे दहाचा पाना लागतो आणि आठच्या बोल्टला तेराचा. हल्ली खुर्च्या, टेबलं, मुलांच्या सायकली यांना षटकोनी खाचेचे स्क्रू असतात, त्यासाठी ॲलन कीचा छोटा जुडगा ठेवावा. याशिवाय खिळा उपटता येईल अशी लहान हातोडी, तीन मीटरची टेप, कटर, पेन्सिल, विजेची चिकटपट्टी, नळासाठी टेफ्लॉनची पट्टी आणि डोक्याला बांधायची बॅटरी. सिंकखाली वाकल्यावर दोन्ही हात मोकळे असण्याचं महत्त्व तेव्हाच कळतं. टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती सुटते आणि गळती तशीच राहते.

टेस्टरबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. टेस्टरच्या दांड्यात एक मोठा रोध आणि निऑनचा चिमुकला दिवा असतो. मागच्या टोपीला बोट लावलं की अगदी किंचित प्रवाह आपल्या शरीरातून जातो आणि दिवा उजळतो. भर उजेडात तो दिसत नाही. लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभं राहिलं तर आणखी मंद होतो. म्हणून दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाही, असं कधीही धरू नये. आधी चालू सॉकेटवर टेस्टर पाहावा, मग बंद केलेल्या जागी लावावा आणि पुन्हा चालू सॉकेटवर खात्री करून घ्यावी. टेस्टरने स्क्रू आवळत बसू नये. पक्कडीच्या मुठीवरचं प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण, हाही गैरसमज आहे. साधी मूठ ही हाताला बरी वाटावी म्हणून असते. विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो. तशी हत्यारं असली तरीही मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही.

हत्यारं ठरली की ती जुन्या पेपरवर शेजारी शेजारी मांडा. सर्वांत लांब वस्तू कोणती ते पाहा. बहुधा हातोडी असेल, तीस सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्या आतल्या लांबीची पेटी पाहिजे. पत्र्याची पेटी मजबूत, पण जड आणि कोकणातल्या दमट हवेत गंजणारी. प्लास्टिकची हलकी असते, मात्र तिच्या कड्या आणि मूठ आधी मोडतात. दुकानातच ती दहा वेळा उघडझाप करून पाहावी आणि मुठीला धरून हिसका द्यावा. जाड कापडाची पिशवी स्कूटरच्या डिकीत छान बसते. आणि घरात जुना, घट्ट झाकणाचा स्टीलचा लांबट डबा असेल तर नवं काही घ्यायची गरजच नाही.

यानंतर पेटी आपलीशी करायची. तळाला रेक्झिन किंवा जुन्या पायपुसण्याचा तुकडा घातला की खडखडाट थांबतो. सायकलच्या फुटक्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे काप म्हणजे उत्तम रबरबँड, पाने एकत्र बांधायला. त्यातलाच एखादा हातोडीच्या दांड्यावर चढवला की पकड घसरत नाही. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक झाकणाला चिकटवलं तर काढलेले स्क्रू हरवत नाहीत. मुलांची जुनी कंपासपेटी स्क्रू-खिळ्यांसाठी, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या चष्म्याच्या बारीक स्क्रूंसाठी.

मांडणी करताना सगळे स्क्रूड्रायव्हर एकीकडे आणि सगळ्या पट्ट्या दुसरीकडे, असं दुकानासारखं करू नये. कामाप्रमाणे करावी. टेस्टर, चिकटपट्टी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर एका लाल पिशवीत, म्हणजे विजेचं काम. टेफ्लॉन, वॉशर आणि स्क्रू पाना निळ्या पिशवीत, म्हणजे पाण्याचं काम. पहाटे नळ गळायला लागला तर निळी पिशवी उचलायची, बस्स. पक्कड आणि टेप सगळीकडे लागतात, त्यांना मोकळी जागा अगदी वर.

पुण्याजवळच्या चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धत ठाऊक असेल. तिची पहिली पायरी नको ते काढून टाकण्याची आणि दुसरी प्रत्येक वस्तूला जागा देण्याची. विमानांच्या देखभालीत तर हत्यारांच्या आकाराचे खळगे फोममध्ये कापलेले असतात. खळगा रिकामा दिसला की काम थांबतं, कारण विसरलेला एक पानाही विमान पाडू शकतो. घरात एवढी कडक शिस्त नको, पण युक्ती घेण्यासारखी आहे. तळाच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून ठेवा. काय परत आलेलं नाही ते झाकण लावतानाच कळेल.

झाकणाच्या आतली बाजू सर्वांत मोलाची. तिथे एक कागद चिकटवा. त्यावर पेटीतल्या वस्तूंची यादी, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, विजेचा मेन कुठे आहे, आपल्या इलेक्ट्रिशियनचा आणि प्लंबरचा नंबर. त्याखाली ठळक अक्षरांत लिहा, ‘हे घरी करायचं नाही’. मीटरच्या पेटीला हात लावायचा नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत घातक वीज साठून राहू शकते. गॅसचा वास आला तर हत्यार शोधायचं नाही आणि बटणंही चालू-बंद करायची नाहीत. रेग्युलेटर बंद करून, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी हा क्रमांक २०१६ सालापासून देशभर आहे. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, त्यानेच पेटी उघडावी.

पेटीची देखभाल वर्षातून दोनदा. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, तेव्हा मशीनच्या तेलाचा बोळा सगळ्या लोखंडावरून फिरवायचा आणि बॅटरीतले सेल पाहायचे. ते आत पाझरले तर बॅटरी वाया जाते. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारागीर आपली हत्यारं पुसून त्यांची पूजा करतात. घरातली पक्कड आणि हातोडीही त्या दिवशी पाटावर यायला हरकत नाही. पूजेच्या निमित्ताने सगळं बाहेर निघतं, गंज दिसतो, वर्षभरात न लागलेली वस्तू कळते. ती काढून टाकावी.

श्रोतेहो, एवढ्याशा पेटीचा एवढा विचार कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्याभोवती पाहा. छोट्या कामाला मिस्त्री येत नाही, आला तर कामापेक्षा येण्याचेच पैसे जास्त होतात. मग एका स्क्रूपायी अख्खा पंखा भंगारात जातो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. वस्तूंची दुरुस्ती, सुटे भाग आणि हमी यांची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी, हा त्याचा हेतू. हा हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरायला आधी स्क्रूड्रायव्हर हातात धरता यायला हवा. मुलं परदेशी आणि आईवडील दोघंच घरी, नोकरीसाठी परगावी एकटी राहणारी मुलगी, वसतिगृहातला विद्यार्थी, अशी घरं वाढत चालली आहेत. रात्री दाराची कडी निखळली तर शेजारचं दार वाजवण्याआधी ती आपली आपण बसवता येणं, हा फार मोठा धीर असतो.

तेव्हा एक सुचवतो. लग्नाच्या रुखवतात आपण लोकरीचे ससे आणि साखरेचे किल्ले मांडतो. त्यात एक छोटी हत्यारपेटी ठेवा, झाकणावर यादी लिहिलेली. मुलीच्या रुखवतात ठेवा आणि मुलगा नव्या घरात राहायला निघाला तर त्याच्याही हातात द्या. देण्याआधी एका रविवारी दोघांनाही जमिनीवर बसवून त्यातली प्रत्येक वस्तू एकदा वापरायला लावा, म्हणजे ती पेटी नव्या घरी पलंगाखाली जाणार नाही.